चहाच्या आधी वारसा, चहानंतर घरकुल

ज्या ऑफिसात कामं संपतात, तिथे किस्से साठत नाहीत. फाइल बंद झाली की माणसं घरी जातात, जेवतात आणि विसरतात. आमच्या समितीत फाइल बंद होण्याची पद्धतच नाही, त्यामुळे किस्से गोणीत भरावेत इतके झालेत!

मी या समितीचं इतिवृत्त लिहिते. म्हणजे बैठकीत कोण काय बोललं ते टिपून घ्यायचं आणि नंतर कोणालाच टोचणार नाही अशा भाषेत टाइप करायचं. मैत्रिणी म्हणतात, "मजा आहे बाई तुझी, फुकटात कॉमेडी!" सांगताना मीही हसते. पण संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना सिग्नल लागला की आभाळ भरून आलंय का ते बघते. माझा स्वभावच घोर लावून घेण्याचा आहे, हे खरं. पण यावेळी घोर खराच आहे. या सगळ्या किश्श्यांच्या वर एक छत आहे, त्या छताची तुळई तडकलेली आहे आणि खाली माणसं राहतात.

तर ऐका.

*

आधी समित्या दोन होत्या. एक शहरातल्या जुन्या इमारती जपायची, दुसरी गरिबांच्या घरांसाठीचा निधी कुठे द्यायचा ते ठरवायची. दोन्हींचा कोरम काही भरायचा नाही. मग वरून कोणाला तरी सुचलं, दोन्ही मिळून एकच करा. झालं! तीच माणसं, तेच टेबल, तोच निधी. अजेंड्यावर चहाच्या आधी वारसा आणि चहानंतर घरकुल.

अध्यक्ष ठवकर साहेब. रिटायर्ड अधिकारी. त्यांना एकमत लागतं, जसं काहींना जेवणानंतर गोड लागतं. वारशाच्या बाजूने इतिहासाच्या प्राध्यापक मुलमुले मॅडम. आणि इंजिनिअर देवतळे साहेब, ते कोणाच्याच बाजूचे नाहीत. बाजू घेतली की सही करावी लागते, हे ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले असावेत.

एकदा शहराच्या महाल भागातल्या एका ओसाड धर्मशाळेचा विषय निघाला. तिथे सफाई कामगारांसाठी खोल्या काढता येतील, असं ठवकर साहेबांचं म्हणणं. मुलमुले मॅडम एकदम उसळल्या, "धर्मशाळेच्या त्या जुन्या दरवाजाला हात लावलात तर मी तिथे जाऊन बसेन!"

ठवकर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हाक मारली, "बंडू, चहा आण."

बंडूभाऊ आमचे शिपाई. म्हणाले, "साहेब, अबी टाइम नाही झाला."

"आण म्हणतो ना! चहा झाला की हा विषय घरकुलात जाते."

चहा आला. सगळ्यांनी कप उचलले. मुलमुले मॅडमनी हात मागे घेतला. "मी चहा घेतलेला नाही. माझ्यापुरता अजून वारसाच चालू आहे!"

ट्रेमध्ये एक कप उरला. बंडूभाऊ ट्रे घेऊन माझ्याजवळ आले. मग हळूच मला म्हणाले, "ताई, हा कप मी कोणत्या विषयात ठेवू?"

*

आता लाल लाइन.

लाल लाइन म्हणजे एका बंद पडलेल्या गिरणीने कधीकाळी कामगारांसाठी बांधलेली विटांची लांबलचक ओळ. समोरून एकसारख्या कमानी, बघत राहावं अशा. मागून बघवत नाही. गिरणी गेली, कामगार गेले, त्यांची मुलं-सुना तिथेच राहिल्या. त्यातल्या एका खोलीत सुनंदाताई रामटेके राहतात. त्यांचे सासरे गिरणीत होते. त्या स्वतः शिलाई मशीनवर ब्लाउज शिवतात, आणि फिटिंग असं की पार इतवारी भागातल्या बायका शोधत येतात.

लाल लाइनच्या आमच्याकडे दोन फाइली. वारशाच्या फाइलमध्ये समोरून काढलेले फोटो, घरकुलाच्या फाइलमध्ये मागून काढलेले.

चहाच्या आधी पहिली फाइल फिरली. मुलमुले मॅडम हरखल्या. "काय कमानी आहेत हो! कोणी हात लावता कामा नये." ठराव झाला, इमारतीत कोणताही बदल करू नये. एकमताने.

चहानंतर दुसरी फाइल फिरली. पडकी न्हाणीघरं, उघडी गटार, पोट सुटल्यासारखी फुगलेली भिंत. मुलमुले मॅडमच्याच डोळ्यांत पाणी आलं. "इथे माणसं राहतात? पाडा हो हे आधी!" ठराव झाला, बांधकाम पाडून तिथे घरकुलं बांधावीत. एकमताने.

टाइप करताना माझ्या लक्षात आलं, दोन्हींचा पत्ता एकच! धावत ठवकर साहेबांकडे गेले. "सर, ही एकच इमारत आहे."

त्यांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले. "दोन्ही एकमतानं झाले ना?"

"हो सर."

"मंग वाद कुठी आहे?"

आणि दोन्ही पत्रं गेली! एकाच दिवशी. तिसऱ्या प्रहरी सुनंदाताई माझ्या टेबलासमोर उभ्या. दोन हातांत दोन पत्रं. तेव्हा माझी त्यांची ओळखही नव्हती.

"मॅडम, याच्यात लिवलं आहे का भितीले खिळा ठोकू नोका. अन् याच्यात लिवलं आहे, घर खाली करा. मी काय करू, ते सांगा. जाताना खिळा काढून जाऊ का ठेवून जाऊ?"

मी हसले. त्या नाही हसल्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

*

पत्रं थांबवली, पण प्रश्न तिथेच राहिला. पाडणंही बंद आणि दुरुस्तीही बंद. याच काळात सुनंदाताईंच्या खोलीतली तुळई तडकली. त्यांनी बाजारातून निलगिरीची एक बल्ली आणली आणि तुळईखाली टेकू म्हणून उभी केली. शेजारच्या कोणी तरी तक्रार केली की वारसा इमारतीत विनापरवाना बदल झालाय!

बैठकीत विषय आला. सुनंदाताईंना बोलावलं होतं. त्या दाराशी खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, पदर सावरत.

मुलमुले मॅडम वाईट बाई नाहीत, हे मी आधीच सांगते. पण जुन्या लाकडाचा विषय निघाला की त्यांचं भान सुटतं. त्या म्हणाल्या, "टेकू द्यायला ना नाही. पण मूळ लाकडाशी मिळताजुळता हवा. सागवान. निलगिरी कशी चालेल? ही इमारत बांधली त्या काळात निलगिरी कोणी वापरतच नव्हतं!"

सुनंदाताई म्हणाल्या, "मॅडम, त्या काळात मी बी नव्हती."

ठवकर साहेबांनी चहा मागवला.

*

मग देवतळे साहेबांना तुळई बघून अहवाल द्यायला सांगितलं.

त्यांची अडचण मला समजत होती. 'धोकादायक' लिहिलं तर नियमाने त्या दिवशीच खोल्या रिकाम्या करायला लागणार, आणि लोकांना ठेवायला समितीकडे दुसरी जागा नाही. म्हणजे भरल्या घरातली माणसं रस्त्यावर. 'सुरक्षित' लिहिलं आणि उद्या काही झालं, तर साहेबांची नोकरी रस्त्यावर. त्यांच्या खात्यातल्या एकाचं असंच झालेलं होतं. तेव्हापासून देवतळे साहेब पेनचं टोपण काढायलाही वेळ घेतात.

ते टॉर्च घेऊन गेले. परत आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. माझ्यासमोर बसले, पाणी मागितलं, आणि एकच ओळ लिहिली. 'सदर तुळई निरीक्षणाखाली ठेवावी.'

मी विचारलं, "साहेब, कोणाच्या निरीक्षणाखाली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही तरी खुळ्यासारखं बोलले. "तेच लोक राह्यतात ना तिथं? तेच पाहतीन."

*

तर निरीक्षण सुरू झालं! सुनंदाताई शिवता शिवता वर बघायच्या आणि मी ऑफिसात बसून घाबरायची.

एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. मी त्यांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. बंडूभाऊंना म्हटलं, चला, जाऊन बघू. हेल्मेट घातलं तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "काहून मॅडम? मशीन चालू होती, आयकू नाही आलं." माझा आवाज ऐकून त्याच म्हणाल्या, "तुमीच पडान भेवून. छत नाही पडत."

मग त्यांनीच तोडगा काढला. पाऊस झाला की थांबल्यावर मला एक मिस कॉल द्यायचा. मिस कॉल म्हणजे छत आहे.

ही आमची पद्धत इतकी पक्की झाली की ऑफिसात सगळ्यांना कळली. एका बैठकीत जोरदार सर येऊन गेली आणि माझा मोबाइल दोनदा वाजून बंद झाला. ठवकर साहेब चिडले, "मॅडम, फोन सायलेंट ठेवत जा!" बंडूभाऊंनी कप गोळा करता करता सांगितलं, "साहेब, लाल लाइन उभी आहे." आणि एरवी बैठकीत एक शब्द न बोलणारे देवतळे साहेब चक्क म्हणाले, "बरं झालं."

पण एकदा पाऊस थांबला आणि मिस कॉल आला नाही. तासभर वाट पाहिली. मी लावला तर बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि लाइन कट. यावेळी बंडूभाऊंनीच गाडी काढली. ओल्या रस्त्यावरून आम्ही कसे गेलो, काय सांगू! मनात नाही नाही ते येत होतं. पोहोचलो तर सुनंदाताई दारात बसून काजबटणं करत होत्या.

"अवं, तुमी? का झालं?"

मी त्यांच्या डोक्यावरून आत तुळईकडे पाहिलं. बंडूभाऊंनीच विचारलं, "मिस कॉल काहून नाही देल्ला?"

"रिचार्ज संपलं ना भाऊ!" सुनंदाताई म्हणाल्या. "आता मिस कॉल द्याले बी रिचार्ज लागते."

येताना मी त्यांचं रिचार्ज करून दिलं. घरी नवरा म्हणाला, "हा खर्च वारशात टाकणार की घरकुलात?" मला त्या दिवशी हसू आलं नाही.

*

हे मधलंच, पण सांगायलाच हवं.

मुलमुले मॅडमच्या आग्रहाने लाल लाइनवर 'वारसा वास्तू' असा ग्रॅनाइटचा फलक लावायचं ठरलं. फलक झाला सुंदर. अक्षरं सोनेरी. समारंभ ठरला, हार आले, फोटोग्राफर आला. कामगार ड्रिल मशीन घेऊन भिंतीजवळ गेला आणि देवतळे साहेब पुढे धावले.

"थांब, थांब! या भितीवर नोको लावू. वजन नाही घेणार ते."

समारंभ पुढे ढकलला. मग भिंतीपासून चार हात लांब खड्डा खणला, सिमेंट-काँक्रीट भरलं, लोखंडी अँगल उभे केले आणि त्यावर फलक बसवला. ऊन-पावसाने अक्षरं जाऊ नयेत म्हणून वर पत्र्याचं छोटं छप्परही टाकलं.

लाल लाइनमधलं ते कित्येक वर्षांतलं पहिलं नवीन बांधकाम. सगळ्या बायका बघायला जमल्या होत्या. सुनंदाताईंनी काँक्रीटच्या पायाला हात लावून पाहिला, अँगल हलवून पाहिला. हलला नाही.

"चला," त्या म्हणाल्या, "पाटीले तं पक्कं घर भेटलं!"

*

आता शेवटचा सांगते आणि गप्प बसते.

मार्च होता. निधी संपवायची घाई. यंदाचा निधी लाल लाइनलाच द्यायचा, इथवर सगळ्यांचं ठरलं होतं. पण कशासाठी? समोरच्या कमानी दुरुस्त करायला, की लोकांना पक्की घरं बांधायला? दोन्हीला पुरणार नव्हता. नियम असा की खोल्या राहण्यालायक असतील तर घरांची घाई नाही, कमानी आधी. राहण्यालायक नसतील तर घरं आधी, आणि ती होईपर्यंत त्या कुटुंबांची भाड्याची सोय समितीने करायची. यातलं काय खरं ते समितीने प्रत्यक्ष खोलीत जाऊन बघायचं आणि तिथेच लिहून घ्यायचं.

म्हणून सगळे सुनंदाताईंकडे गेलो. त्यांनी खोली लख्ख केलेली. चटई अंथरलेली, त्यावर स्वच्छ चादर. मशीन कोपऱ्यात सरकवलेली. मध्ये ती बल्ली. सकाळपासून त्यांनी एकही ब्लाउज हातात घेतला नव्हता. मला कानात म्हणाल्या, "आज होईन ना मॅडम काही? एकदाचं होऊ द्या आता."

"या ना साहेब, आत बसा."

ठवकर साहेबांनी उंबऱ्यावर पाय ठेवला. वर पाहिलं. पाय मागे घेतला. "आत लय गरमी आहे. बाहेरच बसू."

बाहेर दुपारचं ऊन! बंडूभाऊ म्हणाले, "साहेब, ऊन तं इकडे आहे."

मुलमुले मॅडम म्हणाल्या, "मला आतली धूळ सोसायची नाही." आणि रुमाल नाकाला लावला. देवतळे साहेब तर भिंतीपासूनही लांब, फलकाच्या जवळ जाऊन उभे राहिले.

शेजाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. दारासमोर गल्लीतच बैठक भरली, देवतळे साहेबही येऊन टेकले. सुनंदाताई पाणी आणायला आत जायच्या, चहा टाकायला आत जायच्या. त्या आत गेल्या की मी श्वास धरायची, बाहेर आल्या की सोडायची. त्यांचं मात्र लक्ष साहेबांच्या तोंडाकडे.

ठवकर साहेबांनी घाम पुसला. "हं, देवतळे. सांगा. राहण्यालायक आहे का नाही?"

देवतळे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अहो, सांगा ना. कमानीच्या भूमिपूजनाची तारीख घेऊन बसले लोक. आता भाड्याच्या खोल्या कोण शोधणार? तुमी नाही म्हणता का?"

"मी नाही कुठी म्हटलं?" देवतळे साहेब खाली बघत म्हणाले.

"मंग सांगा, मॅडम लिहून राहिल्या."

त्यांनी सांगितलं. अगदी हळू, बुटांकडे बघत. मी लिहून घेतलं. त्या एका वाक्याने निधी कमानींना गेला. सुनंदाताई दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. एकेकाच्या हातात कप देत गेल्या. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा माझी मान वर होईना.

तेवढ्यात त्यांचा नवरा आला. तो एका एटीएमवर सिक्युरिटी गार्ड आहे, रात्रपाळीचा. त्या दिवशी त्याचा रिलिव्हर उशिरा आला म्हणून ड्युटी दुपारपर्यंत लांबली होती. अंगावर तीच वर्दी, टोपी काखेत, डोळे लाल. आज कोणती समिती, कसली बैठक, त्याच्या ध्यानातही नव्हतं. आमच्या खुर्च्यांनी दार अडलेलं.

"सरका ना साहेब जराशीक," तो म्हणाला. "झोपाले जातो."

ठवकर साहेबांनी खुर्ची सरकवली. त्याने बूट काढले, भिंतीला लावून ठेवले आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

देवतळे साहेब असे उठले की त्यांची खुर्ची मागे उलटली. चहा शर्टावर सांडला. त्यांनी त्याचा दंड धरला आणि ओरडले, "अरे, आत नोको जाऊ!"

गल्लीतल्या बायका पुढे सरकल्या.

नवरा वळला. आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग सुनंदाताईंकडे. त्याला काहीच उमजत नव्हतं. "काहून?" तो म्हणाला. "माह्यं घर आहे ना साहेब. मंग झोपू कुठी?"

ठवकर साहेबांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, देवतळेंचं ते वाक्य काय लिहिलं तुमी? वाचा बरं."

मी वाचलं. "समितीने प्रत्यक्ष पाहणी केली. सदर खोल्यांमध्ये राहण्यास हरकत दिसत नाही."

देवतळे साहेबांनी त्याचा दंड सोडला नव्हता.